हांकेला ओ देणारीं माणसें

इतिहासकारांचें लक्ष सेनापति, मुत्सद्दी व ग्रंथकार यांच्याकडे जितकें जातें, तितकें तारायंत्रापाशीं बसलेल्या कारकुनाकडे जात नाहीं. आणि त्यांत नवल करण्यासारखें कांहीं नाहीं. ज्या कामाची उत्तमता म्हणजे कांहीं विपरीत न घडणें, त्याचा इतिहास कोण लिहिणार? अशा माणसांचीं नांवें दप्तरांत आढळतात तीं बहुधा चौकशीच्या कागदांत. तरी गेल्या दीडशे वर्षांत संकटकाळच्या हांकेस उत्तर देण्याचें काम शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या व गांवच्या रामोशाच्या हातून निघून पगारी नोकराच्या हातीं गेलें, हा समाजव्यवस्थेंतील लहानसहान फेरबदल नव्हे. पूर्वीं आरोळी ठोकली म्हणजे जो ऐके तोच धांवे. आतां जो ऐकतो तो धांवत नाहीं, आणि जो धांवतो त्यानें आरोळी ऐकलेलीच नसते. मध्यें एक तिऱ्हाईत बसलेला असतो. हा तिऱ्हाईत कोण असावा, त्याला कोणत्या कसोटीवर घांसून घ्यावें, आणि त्याच्या हातून चूक झाली तर तिचें माप कोणाच्या पदरांत घालावें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांतील मुलगे-मुली आज अशाच खुर्च्यांवर बसत आहेत. तेव्हां विषय अगदींच परका वाटूं नये.

प्रथम आगगाडीचें उदाहरण घेऊं. १८७४ च्या सप्टेंबरची १० तारीख. इंग्लंडच्या पूर्वभागांत नॉर्विच व ब्रंडल या स्टेशनांमधील लोहमार्ग एकेरी होता. समोरची गाडी आंत आल्याखेरीज इकडची सोडावयाची नाहीं, हा साधा नियम. ही देवघेव तारेनें ठरे, आणि तार पाठविण्यापूर्वीं रात्रपाळीच्या इन्स्पेक्टरानें मजकुराखालीं सही केलीच पाहिजे अशी आज्ञा होती. त्या रात्रीं लंडनकडील गाडीस उशीर झाला होता. म्हणून यार्मथकडील टपालगाडी आधीं येऊं द्यावी अशा अर्थाची तार इन्स्पेक्टर कूपर यानें तोंडी सांगितली, आणि तरुण तारमास्तर रॉबसन यानें सहीची वाट न पाहतां ती पाठवून दिली. इतक्यांत लंडनची गाडी आली. तार अद्याप गेली नसेल अशा समजुतीनें कूपरनें ती गाडी पुढें सोडली, आणि मग तो तार थांबविण्यास तारघरांत आला. तोंपर्यंत टपालगाडी ब्रंडलहून निघून चुकली होती. दोन गाड्या एकाच रुळावरून समोरासमोर येत आहेत हें त्या दोघांस कळलें, पण तें टाळण्याचें कोणतेंही साधन त्यांच्यापाशीं उरलें नव्हतें. थॉर्पनजीक टक्कर होऊन २५ माणसें दगावलीं. कूपरला मनुष्यवधाबद्दल ८ महिन्यांची शिक्षा झाली, रॉबसन सुटला.

या निकालाविषयीं मतभेद होऊं शकेल. आम्हांस त्यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट दिसते ती अशी कीं, एका सहीवर शेंकडों जीव टांगून ठेवणारी जी व्यवस्था, तिला आरोपीच्या पिंजऱ्यांत कोणीं उभें केलें नाहीं. तथापि तिची दुरुस्ती मात्र झाली. १८७८ मध्यें एडवर्ड टायर यानें अशी युक्ति काढली कीं, एकेरी मार्गाच्या दोन टोकांवरील यंत्रांतून एका वेळीं एकच चकती बाहेर पडावी, आणि ती हातीं असल्यावांचून चालकानें गाडी हलवूंच नये. आपल्या देशांतही एकेरी मार्गांवर ड्रायव्हरच्या हातीं जो लोखंडी गोळा देत असत, तो याच जातकुळींतला. सावध मनुष्य शोधण्यापेक्षां मनुष्याच्या बेसावधपणास वाव न देणारें यंत्र शोधणें सोपें, असा धडा रेल्वेनें घेतला. रेल्वेपुरता तो बरोबरच होता. पण संकटांत सांपडलेल्या मनुष्याच्या तोंडून जें बाहेर पडतें, त्याची चकती पाडतां येत नाहीं.

दुसरें उदाहरण समुद्रावरचें व पुष्कळांच्या ओळखीचें आहे. १९१२ च्या एप्रिलच्या १४ तारखेस रात्रीं ‘टायटॅनिक’ बोट हिमनगावर आदळली, तेव्हां ‘कॅलिफोर्नियन’ नांवाची दुसरी बोट बर्फामुळें त्याच टापूंत थांबून राहिली होती. तिच्यावर बिनतारी यंत्र होतें; तें चालविणारा सिरिल इव्हान्स हा २० वर्षांचा मुलगा होता. त्यानें बर्फाची सूचना ‘टायटॅनिक’ला देऊं केली, परंतु तिकडील ऑपरेटर उतारूंच्या खासगी तारा पाठविण्यांत गर्क असल्यामुळें त्यानें याला गप्प बसण्यास सांगितलें. सकाळपासून यंत्रापाशीं बसलेला इव्हान्स साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद करून झोंपीं गेला. त्यानंतर कांहीं मिनिटांतच टक्कर झाली, आणि मध्यरात्रीनंतर मदतीची हांक आकाशांत घुमूं लागली तेव्हां ती ऐकण्यास ‘कॅलिफोर्नियन’वर कोणी जागें नव्हतें. इव्हान्सला हलगर्जी म्हणावें काय? बोटीवर ऑपरेटर एकच. रात्रीं जागें राहण्याचा त्याला हुकूम नाहीं. झोंप तर कोणालाच चुकलेली नाहीं. शिवाय हे ऑपरेटर प्रायः बोटीच्या मालकाचे नोकर नसून मार्कोनी कंपनीचे असत, आणि कंपनीची मिळकत उतारूंच्या तारांवर चाले. संकटाची हांक ऐकणें हें त्यांच्या कामाचें केवळ उपांग होतें. त्याच वर्षीं अमेरिकेनें कायदा करून ऑपरेटरांस परवाना आवश्यक केला व मोठ्या उतारूबोटींवर अहोरात्र पाळत ठेवण्याचें बंधन घातलें. १९१४ मध्यें लंडनास भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेंही त्याच दिशेनें नियम केले. या धंद्यांत ‘लायक कोण’ हा प्रश्न सरकारनें कसोशीनें विचारला तो असा, दीड हजार माणसें बुडाल्यावर.

परंतु ज्या नोकरवर्गाकडे पुढें हें काम खऱ्या अर्थानें आलें, तो टेलिफोन एक्स्चेंजांतील मुलींचा. याचा आरंभ मोठा गमतीचा आहे. अमेरिकेंत पहिल्याप्रथम तारऑफिसांतील पोरांनाच टेलिफोनच्या फळ्यांपुढें बसविण्यांत आलें. हीं पोरें आपसांत मारामाऱ्या करीत, ग्राहकांस उलट उत्तरें देत, आणि मुद्दाम चुकीच्या तारा जोडून मौज पाहत. तेव्हां १८७८ च्या सप्टेंबरमध्यें बोस्टन येथें एमा नट या बाईची नेमणूक झाली, आणि तिच्या शांत व गोड आवाजानें ग्राहक इतके संतुष्ट झाले कीं, थोड्याच वर्षांत हा सबंध धंदा स्त्रियांचा बनून गेला. मग कसोट्या ठरल्या. मुलगी अविवाहित असावी. वय सतरा-अठरापासून पंचविशीपर्यंत असावें. फळीच्या वरच्या भोंकापर्यंत हात पोंचेल इतकी उंची असावी. आवाज मंजुळ व उच्चार शिष्ट असावे. अमेरिकेंतील बेल कंपनीनें मोठ्या शहरांतील फळ्यांवर कृष्णवर्णी स्त्रियांस दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतेक शिरकावच दिला नाहीं. ब्रिटिश टपालखात्यांत लग्न झालें कीं नोकरी सोडावी लागे, व हा निर्बंध १९४६ पर्यंत होता. १९३५ मध्यें याच टपालखात्यानें आपल्या हजारों टेलिफोन-मुलींतून ‘सोन्याचा आवाज’ निवडण्यासाठीं स्पर्धा लावली. परीक्षकांत राजकवि मेसफील्ड होते, आणि जिंकणाऱ्या एथेल केन हिच्या आवाजांत पुढील वर्षापासून लंडनकरांस टेलिफोनवर वेळ ऐकूं येऊं लागली.

बारकाईनें पाहिलें तर या कसोट्यांत हाताची लांबी आहे, गळ्याची गोडी आहे, कुळशीळ आहे, आज्ञाधारकपणा आहे. पण घाबरलेल्या माणसाच्या तुटक बोलण्यांतून नेमकें काय झालें आहे हें ओळखणारी बुद्धि कोठेंच मोजलेली नाहीं. ती मोजण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं, कारण ती लागेल असें वाटलें नव्हतें. आणि तरीही ती कित्येकींच्या ठायीं होती. १९०८ च्या ऑगस्टमध्यें न्यू मेक्सिकोंतील फॉलसम गांवावर रात्रीं पूर आला, तेव्हां सेरा रूक ही ऑपरेटर आपली जागा न सोडतां एकेका घरीं घंटा वाजवून लोकांस उंचावर पळण्यास सांगत राहिली, व शेवटीं स्वतः वाहून गेली. तिला कोणत्या परीक्षेनें निवडलें होतें? कंपन्या अशा गोष्टींबद्दल पदकें देत. पदकें देणें हें निवडीचे नियम बदलण्यापेक्षां स्वस्त पडतें, असें म्हणण्याचा मोह आम्हांस होतो.

ज्या १९३५ सालीं लंडनमध्यें सोन्याचा आवाज शोधला गेला, त्याच सालच्या नोव्हेंबरच्या १० तारखेस तेथील विंपोल स्ट्रीटवर एका शस्त्रवैद्याच्या घरास पहांटे आग लागली. विंपोल स्ट्रीट ही नामांकित डॉक्टरांची वस्ती; टेलिफोन घरोघर. समोरच्या गृहस्थानें ताबडतोब टेलिफोन उचलून वेलबेक एक्स्चेंजकडे हांक घातली. पण उत्तर येईना. आंत पांच स्त्रिया होत्या, त्या पांचही मेल्या. त्या शेजाऱ्यानें ‘टाइम्स’ पत्रांत संतापाचें पत्र लिहिलें, चौकशी समिति बसली. चौकशींत उघड झालें तें मुलींच्या आळसापेक्षां निराळेंच होतें. फळीवर पेटणारा दिवा सर्वांचा सारखाच. आग लागलेल्याचा दिवा आणि गप्पांसाठीं मैत्रिणीचा नंबर मागणारीचा दिवा यांत तिळाचें अंतर नाहीं. रांगेंत ज्याचा पाळा येईल त्याला उत्तर, हा न्याय दिसावयास समतेचा, परिणामीं घातक.

यांतून १९३७ च्या जूनच्या ३० तारखेस लंडनमध्यें ९९९ हा नंबर निघाला. नऊचा आंकडाच कां, तर धुरांत किंवा काळोखांत नुसत्या बोटांनीं चांचपून चकतीवरचें तें भोंक सांपडावें. तसेंच सार्वजनिक पेट्यांतून पैसे न टाकतां तो फिरवितां यावा. तीन एक्के सोपे खरे, पण वाऱ्यानें तारा एकमेकींस लागल्या तरी तो नंबर आपोआप लागण्याची भीति होती. या नंबराची हांक आली कीं एक्स्चेंजमध्यें तांबडा दिवा लागे व भोंगा वाजे; भोंगा इतका कर्कश कीं मुलींनीं त्याच्या तोंडांत टेनिसचा चेंडू कोंबला, असें सांगतात. पहिल्याच आठवड्यांत हजाराहून अधिक हांका आल्या, आणि थट्टेखोरांनींही लगेच आपली हजेरी लावली. सबंध देशास ही सोय मिळण्यास मात्र १९७६ उजाडावें लागलें. सारांश, दिवा बदलला, भोंगा बसला. पण दिव्यापुढें बसणारी मुलगी तीच, जुन्याच कसोट्यांवर घेतलेली.

अमेरिकेनें ९११ हा नंबर १९६८ मध्यें घेतला. त्याची पहिली हांक अलाबामा संस्थानांतील हेलीव्हिल या लहानशा गांवीं फेब्रुवारीच्या १६ तारखेस वाजली. ती घातली संस्थानाच्या विधिमंडळाच्या सभापतींनीं, आणि तिला ओ दिली कॉंग्रेसच्या एका सभासदानें. म्हणजे पहिल्या उमेदवाराची परीक्षा घेण्याचा प्रसंग कोणावरच आला नाहीं.

आतां ज्या प्रकरणासाठीं आम्हीं हा लेख मुख्यतः हातीं घेतला, त्याकडे वळूं. न्यूयॉर्क संस्थानाच्या पश्चिमेस बफलो शहराला लागूनच केनमोर नांवाचें गांव आहे. त्याला स्वतःचें पोलीस-ठाणें आहे. तेथें १९७६ च्या ऑक्टोबरच्या २५ तारखेस सकाळीं साडेनऊच्या सुमारास घरीं असलेल्या एका स्त्रीला मागील बाजूनें एक मनुष्य घर फोडून शिरूं पाहत असलेला दिसला. तिनें ९११ फिरविला, आपला पत्ता ३१९ व्हिक्टोरिया ॲव्हेन्यू असा सांगितला, आणि लवकर या म्हणून विनविलें. लगेच येतों, असें उत्तर तिला मिळालें. संभाषण पुरें अर्ध्या मिनिटाचेंही नव्हतें.

ही हांक बफलोंतील मध्यवर्ती कचेरींत घेतली गेली. घेणाऱ्या कारकुनानें ३१९ च्या जागीं २१९ लिहिलें. व्हिक्टोरिया नांवाचा रस्ता बफलो शहरांतही आहे. तेव्हां घर शहरांतलेंच असणार, असें त्यानें गृहीत धरलें. बोलणारीचें नांव विचारलें नाहीं, गांव विचारलें नाहीं, पत्ता उलट वाचून दाखविला नाहीं. पोलिसांच्या गाड्या तत्परतेनें शहरांतील व्हिक्टोरिया ॲव्हेन्यूवर गेल्या आणि या नंबराचें घरच येथें नाहीं असें त्यांनीं कळविलें. आतां तरी कोणी थांबून विचार करावा. पण प्रकरण मिटलें अशी नोंद होऊन कागद बाजूला पडला. हांक घातल्यापासून बारा-तेरा मिनिटांनीं ती स्त्री रक्तानें न्हालेल्या स्थितींत घराबाहेर धांवत येऊन पदपथावर कोसळली, आणि तेथेंच तिचा अंत झाला. गांवचें पोलीस-ठाणें तिच्या घरापासून अवघ्या १,३०० फुटांवर होतें.

खटला चालला. संरक्षण देण्याचें सरकारचें कर्तव्य सबंध समाजाप्रत आहे, एकेका व्यक्तीप्रत नाहीं, हा जुना सिद्धांत सरकारपक्षानें पुढें केला. तो सिद्धांत पोकळ नाहीं. थोड्याच काळापूर्वीं, १९८१ मध्यें, वॉशिंग्टन शहराच्या न्यायालयानें त्याच्याच आधारें तीन स्त्रियांचा दावा फेटाळला होता. १९७५ मध्यें त्यांनीं दोनदां मदतीची हांक घातली. पहिल्या वेळीं ती हांक कमी निकडीची म्हणून नोंदली गेली व आलेले पोलीस दार वाजवून परत गेले, दुसऱ्या वेळीं मदत येत आहे असें सांगूनही कोणास पाठविण्यांतच आलें नाहीं. आणि त्या चौदा तास दरोडेखोरांच्या तावडींत राहिल्या. केनमोरच्या खटल्यांत मात्र न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८३ मध्यें उलट निर्णय देऊन ८ लक्ष डॉलरांची भरपाई कायम केली. त्यांतील युक्तिवाद मनन करण्यासारखा आहे. संकटांत असलेल्या त्या स्त्रीला दुसरे मार्ग होते. ती गांवच्या ठाण्यास टेलिफोन करूं शकली असती, शेजारीं पळून जाऊं शकली असती. तिनें तसें केलें नाहीं, कारण तिला ‘लगेच’ असा शब्द मिळाला होता. शब्द देणाऱ्यानें तिला त्या घरांत रोखून धरलें, असाच त्याचा अर्थ झाला.

आमच्या मतें या निकालाचें महत्त्व रकमेंत नाहीं. त्यानें प्रथमच असें मान्य केलें कीं, टेलिफोनवर हांक घेणारा हा नुसता निरोप्या नव्हे. त्याच्या तोंडचा एक साधा शब्दही ऐकणाराच्या हालचालीची दिशा ठरवितो. आणि तरीही या जागेवर बसलेला मनुष्य पदानें काय होता? तक्रार उतरून घेणारा कारकून! अमेरिकेच्या सरकारी व्यवसाय-वर्गीकरणांत २०१८ च्या सुधारणेनंतरही या नोकरांची गणना कचेरींतील कारकुनी वर्गांतच होते. ज्याला कारकून म्हणून घेतलें, कारकुनाचा पगार दिला व कारकुनासारखें वागविलें, तो एखादे दिवशीं कारकुनासारखा वागला तर आश्चर्य कसलें?

याचा अर्थ व्यक्तीस दोषच नसतो असा मात्र कोणीं करूं नये. तसा करणारे आजकाल पुष्कळ निघाले आहेत. २००६ च्या फेब्रुवारींत डेट्रॉइट शहरांत पांच वर्षांच्या मुलानें, आई कोसळून पडली आहे, असें ९११ वर कळविलें. पोर चेष्टा करीत आहे असें समजून त्याला दटावण्यांत आलें. तीन तासांनीं त्यानें पुन्हां हांक घातली. अखेर पोलीस गेले तेव्हां आई मेलेली होती. एका ऑपरेटर बाईस बुद्धिपुरस्सर कर्तव्यच्युतीबद्दल २००८ मध्यें दोषी ठरविण्यांत येऊन एक वर्षाची देखरेख फर्माविण्यांत आली. खोट्या हांकांनीं हे लोक जेरीस येतात हें खरें. पण पोराच्या खोडीसाठीं एक गाडी फुकट गेली तर काय बुडतें, आणि न गेली तर काय, एवढा हिशोब करण्यास फारसें शिक्षण लागत नाहीं. ह्यूस्टन शहरांतील बाई तर याही पुढें गेली. तिनें हजारों हांका वीस सेकंदांच्या आंत तोडून टाकल्याचें आढळलें, आणि २०१८ मध्यें तिला १० दिवसांची कैद व दीड वर्षाची देखरेख अशी शिक्षा झाली. तिच्याविषयीं आम्हांस एवढेंच विचारावेंसें वाटतें कीं, हजार हांका तुटेपर्यंत तिच्या वरिष्ठांचे डोळे कोठें होते? हांकेची लांबी मोजणारें यंत्र तर पहिल्या दिवसापासून चालूच होतें.

सुधारणेचे उपाय निघालेच नाहींत असें नाहीं. सॉल्ट लेक सिटी येथील डॉक्टर जेफ क्लॉसन यांनीं १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ऑपरेटरांसाठीं प्रश्नांचे तक्ते तयार केले. रोगी शुद्धीवर आहे काय, श्वास चालू आहे काय, असे ठराविक क्रमानें विचारावयाचे, आणि गाडी पोंचेपर्यंत काय करावें तेंही टेलिफोनवरून सांगावयाचें. ही पद्धत जगभर पसरली. तिनें सामान्य बुद्धीच्या मनुष्यासही सावधपणाची चौकट मिळाली, हा तिचा मोठा गुण. मात्र चौकटींतच अडकून बसलेला मनुष्य घातक ठरतो. १९८४ च्या जानेवारींत डलास शहरीं एका मुलाची सावत्र आई श्वासासाठीं तडफडत होती. टेलिफोनवरील परिचारिका, रोग्याशीं स्वतः बोलल्याखेरीज गाडी पाठवीत नाहीं, म्हणून अडून बसली. बोलतां येत नाहीं हाच तर रोग होता. रोगी दगावला. ही बाई अशिक्षित नव्हती, तर वैद्यकांतली शिकलेली होती, हें ज्यांस पदवीची अट घातली कीं सगळें सुधारेल असें वाटतें त्यांनीं ध्यानांत घ्यावें. आम्हीं आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. त्यांतून स्मरण कळतें, अक्षर कळतें, पण प्रश्न बदलला तर हा मुलगा काय करील हें क्वचितच कळतें.

आपल्याकडे १०० व १०१ हे नंबर पुष्कळ वर्षें होते. रुग्णवाहिकेसाठीं १०८ ची व्यवस्था २००५ मध्यें हैदराबादेस सुरू झाली व २०१४ मध्यें महाराष्ट्रांत आली, आणि सर्वांस मिळून ११२ हा एक नंबर २०१८ पासून प्रांतोप्रांतीं निघाला. निवडीच्या प्रश्नावर मात्र प्रकाश पाडणारी गोष्ट मुंबईंत घडली ती सरकारी कचेरींत नव्हे. २००८ च्या नोव्हेंबरच्या २६ तारखेस रात्रीं शिवाजी टर्मिनस स्टेशनवर गोळीबार सुरू झाला, तेव्हां गाड्यांची घोषणा करणारे विष्णु झेंडे यांनीं आपल्या कोठडींतून उतारूंस कोणत्या बाजूनें बाहेर पडावें हें ध्वनिक्षेपकावर पुनःपुन्हां सांगून कित्येकांस वांचविलें. त्याच रात्रीं ताजमहाल हॉटेलांतील टेलिफोन ऑपरेटर एकदां सुरक्षित बाहेर काढले गेले असतांना आपण होऊन फळीपाशीं परतले, आणि खोल्याखोल्यांतून पाहुण्यांस टेलिफोन करून दार बंद ठेवावें, बाहेर पडूं नये, असें कळवीत राहिले.

या प्रकाराचा अभ्यास हार्वर्डचे प्राध्यापक रोहित देशपांडे व अंजली रैना यांनीं करून २०११ मध्यें तो प्रसिद्ध केला. हीं माणसें अशीं कां वागलीं याचा शोध घेतां घेतां ते हॉटेलच्या नोकरभरतीपर्यंत पोंचले. तेथें आढळलें कीं, हें हॉटेल नोकर पाहण्यास मोठ्या शहरांपेक्षां लहान गांवीं जातें. गुणांच्या टक्क्यांपेक्षां मुलगा वडीलधाऱ्यांशीं कसा वागतो, हंसतमुख आहे काय, घरीं नोकरीची गरज आहे काय, हें पाहतें. आणि इतरत्र एक वर्षांत उरकणारें शिक्षण तेथें दीड वर्ष चालतें.